विवेक की परिहार? : परिहारी व्यक्तिमत्त्वविकार समजून घेताना

अंगुत्तरनिकायाच्या नवक निपातात चार बलांविषयी एक सुत्त आहे. प्रज्ञाबल, वीर्यबल, अनवद्यबल आणि संग्रहबल ही चार बले ज्या आर्यश्रावकाच्या ठायी असतात, त्याने पाच भये ओलांडलेली असतात, असे तेथे सांगितले आहे. उपजीविकेचे भय, अपकीर्तीचे भय, परिषदेत संकोचून जाण्याचे भय, मरणाचे भय आणि दुर्गतीचे भय अशी ती पाच भये होत. सुत्त वाचताना आपले लक्ष चार बलांकडे जाते आणि भयांची यादी नजरेआड होते. उपजीविका आणि मरण यांचे भय कोणालाही समजते. परंतु चार माणसांसमोर जाण्याचे भय त्यांच्याच पंक्तीला बसवावे आणि त्याला स्वतंत्र नाव द्यावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. 'परिससारज्जभय' हे ते नाव.

'सारज्ज' म्हणजे लोकांसमोर येणारा बुजरेपणा, दबून जाणे. त्याच्या उलट 'वेसारज्ज'. ज्याचे सारज्ज गेले तो 'विसारद'. मराठीत विशारद ही पदवी आपण संगीताच्या किंवा हिंदीच्या परीक्षेनंतर देतो. पाली वाङ्मयात विसारद म्हणजे ज्याला क्षत्रियांच्या, ब्राह्मणांच्या, गृहपतींच्या वा श्रमणांच्या सभेत जाताना मान खाली घालावी लागत नाही असा मनुष्य. पदवी पुष्कळांना मिळते. हे दुसरे विशारदत्व सर्वांना मिळतेच असे नाही.

हे सर्व सांगण्याचे कारण एका मानसिक विकाराची ओळख करून देणे हे आहे. इंग्रजीत त्याला 'अव्हॉयडंट पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हणतात. येथे आपण त्यास 'परिहारी व्यक्तिमत्त्वविकार' म्हणू. हा विकार भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवला होता, असा दावा प्रस्तुत लेखक करणार नाही. असे दावे करण्याची आपल्याकडे हौस फार आहे आणि त्याने ना पालीचे भले होते ना मानसशास्त्राचे. सुत्तांतील भयाची चर्चा दुःखमुक्तीच्या मार्गाच्या अंगाने होते. रोगनिदान हा तिचा हेतू नाही. मात्र आपल्या समाजात धम्माच्याच काही शब्दांच्या आडोशाला हा विकार लपून राहतो, असे मला दिसून आले आहे. ज्या शब्दांनी तो झाकला जातो ते शब्द तपासणे हे पालीच्या अभ्यासकाचे काम आहे. निदान आणि उपचार हे अर्थातच मानसोपचारतज्ज्ञाचे.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहू. माणसांपासून दूर राहणाऱ्या पण मनातून अतिशय हळव्या असणाऱ्या व्यक्तींचे वर्णन जर्मन मनोवैद्य अर्न्स्ट क्रेचमर यांनी १९२१ सालीच केले होते. 'अव्हॉयडंट' हे नाव अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थिओडोर मिलन यांनी १९६९ साली दिले. अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९८० साली, त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. मिलन यांच्या मांडणीतील मुख्य मुद्दा असा की, माणसांपासून दूर राहणारे लोक दोन प्रकारचे असतात. एकाला माणसांची ओढच नसते. तो एकटा असतो आणि एकटेपणाचे त्याला विशेष दुःख नसते. दुसऱ्याला माणसे हवी असतात, मैत्री हवी असते, संसार हवा असतो. परंतु आपण जवळ गेलो की आपली किंमत लोकांना कळेल आणि ते आपल्याला झिडकारतील, या खात्रीने तो आधीच दूर होतो. पहिल्या प्रकाराला 'स्किझॉइड' म्हणतात. आपला विषय दुसरा प्रकार आहे. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. दोघेही लग्नाच्या मांडवात कोपऱ्यातल्या खुर्चीवर असतात, किंवा मांडवात नसतातच. पण दुसऱ्याला घरी बसून मांडवातले सनईचे सूर ऐकू येत असतात.

निदानग्रंथात सात लक्षणे दिली आहेत आणि त्यांपैकी किमान चार असावीत असा दंडक आहे. ती सर्व येथे उतरवून देत नाही. टीका किंवा नापसंती वाट्याला येईल म्हणून माणसांशी संबंध येणारे काम नाकारणे, आपण आवडतो अशी खात्री पटल्याखेरीज कोणाशी संबंध न जोडणे, जवळच्या नात्यातही हसे होईल म्हणून मन न उघडणे, आपण इतरांहून कमी दर्जाचे आणि अनाकर्षक आहोत असे धरून चालणे, फजिती होईल म्हणून कोणतेही नवे काम हाती न घेणे, हा त्यांचा सारांश. हे सर्व तारुण्याच्या आरंभापासून दिसले पाहिजे आणि एखाद्या प्रसंगापुरते न राहता आयुष्याच्या बहुतेक अंगांत पसरलेले असले पाहिजे. नवख्या ठिकाणी जीभ अडखळणे हा विकार नव्हे; ते आपल्यापैकी बहुतेकांचे होते. २००१-०२ साली अमेरिकेत झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीवरून प्रौढांत या विकाराचे प्रमाण सुमारे २.४ टक्के असावे असे मानतात; नॉर्वेतील ऑस्लो शहराच्या पाहणीत, जी २००१ साली प्रसिद्ध झाली, ते ५ टक्के आढळले. म्हणजे हा दुर्मीळ विकार नाही. तो दुर्मीळ वाटतो, कारण ज्याला तो आहे तो मनुष्य आपल्याला दिसतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तिच्यात व्यक्तिमत्त्वविकारांची अशी वेगवेगळी नावे बहुतांशी काढून टाकली आहेत. विकार किती तीव्र आहे आणि त्यात कोणते स्वभावधर्म प्रबळ आहेत, एवढेच आता पाहिले जाते. परिहारी मनुष्याच्या बाबतीत चिंतेकडे झुकणारी नकारात्मक भावनाशीलता आणि अलिप्तता हे दोन धर्म नोंदले जातील. ही नवी पद्धत मला अधिक पटते, कारण ती माणसावर शिक्का मारण्याऐवजी त्याच्यात काय किती आहे ते विचारते. तथापि डॉक्टरांच्या बोलण्यात जुने नाव अद्याप आहे, म्हणून येथेही तेच ठेवले आहे.

येथवर 'प्रस्तुत लेखक' म्हणून लिहिता आले. पुढील प्रसंग मात्र 'मी' म्हणूनच सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पाली शिकणारा एक विद्यार्थी होता. लेखी उत्तरे इतकी नेमकी की मी ती इतरांना वाचायला देत असे. वर्गात मात्र तो दाराजवळच्या बाकावर बसे आणि तास संपण्याच्या किंचित आधी निघून जाई. तोंडी परीक्षेच्या दिवशी तो आला नाही. आई भेटायला आली. म्हणाली, "सर, घरी पाहुणे आले तरी तो मागच्या खोलीत जातो. पाहुणे जेवून जाईपर्यंत पाणी प्यायलासुद्धा बाहेर येत नाही. शिकल्यामुळे असा झाला का?" मी तिला धीर दिला. काय म्हणून दिला ते आज आठवले की लाज वाटते. मी म्हणालो, "ताई, काळजी करू नका. तो अंतर्मुख आहे. पूर्वी असे लोक अरण्यात राहत. विवेकाची ओढ आहे त्याला." आणि मी त्याला दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला पाठवले.

शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयीचा रकाना होता. आमच्याकडे त्या गोष्टीला नावच नव्हते, त्यामुळे तो कोरा राहिला. शिबिर त्याला फार मानवले. नऊ दिवस सर्वांना मौन. कोणी कोणाकडे पाहायचे नाही, कोणी काही विचारायचे नाही. पुढे त्याने मला सांगितले की, आयुष्यात इतके हलके त्याला कधी वाटले नव्हते. दहाव्या दिवशी मौन सुटले. साधक एकमेकांची नावे-गावे विचारू लागले आणि हा खोलीचे दार लावून संध्याकाळपर्यंत आत बसून राहिला. शिबिराने त्याचे काही बिघडवले असे मी म्हणत नाही. पण ज्याला मी विवेक म्हणत होतो तो विवेक नव्हता, हे त्या दहाव्या दिवसाने दाखवून दिले.

'विवेक' या शब्दाचा मराठीतला अर्थ सारासार विचार असा आहे. पालीत त्याचा अर्थ विलग होणे, एकांत. कायविवेक, चित्तविवेक आणि उपधिविवेक असे त्याचे तीन थर सांगतात. शरीराने दूर जाणे हा सर्वांत बाहेरचा थर. परिहारी मनुष्याजवळ तेवढाच असतो. त्याचे शरीर मागच्या खोलीत असते आणि चित्त पुढच्या खोलीत असते : पाहुणे काय म्हणत असतील, आपल्याविषयी विचारले असेल का, आई काय सांगेल. संयुत्तनिकायात थेर नावाच्या एका एकटे राहणाऱ्या भिक्खूची कथा आहे. तो एकटा भिक्षेला जाई, एकटा परते, एकटा बसे आणि एकांताची प्रशंसा करी. भगवंतांनी त्याच्या एकांताला दोष दिला नाही, परंतु खरा एकांत यापुढे असतो असे सांगितले. गेलेले सुटले आहे, येणारे सोडले आहे आणि वर्तमानातील आसक्ती आवरली आहे, तो खरा एकविहारी. या कसोटीने पाहिले तर मागच्या खोलीतला माझा विद्यार्थी गर्दीत होता.

अंगुत्तराच्या पंचक निपातात अरण्यात राहणाऱ्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. कोणी मंदपणाने व मूढतेने अरण्यात राहतो, कोणी पापेच्छेने, कोणी उन्मादाने व चित्तविक्षेपाने, कोणी बुद्धांनी प्रशंसिले आहे म्हणून आणि कोणी अल्पेच्छता, संतोष व विवेक यांसाठी. पाचही जण एकाच झाडाखाली बसलेले असू शकतात. कृती एकच, पण तिच्यामागचे चित्त निराळे. शेवटचा प्रकार श्रेष्ठ मानला आहे. 'चित्तविक्षेप' म्हणजे आजचा व्यक्तिमत्त्वविकार असे मी म्हणणार नाही. अरण्यवासाने पवित्रता आपोआप येत नाही, एवढे या सुत्तावरून निश्चित म्हणता येते.

याहून मोलाची मला उपालीची कथा वाटते. त्याने भगवंतांजवळ दूरच्या अरण्यात जाऊन राहण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी सरोवराचा दृष्टान्त दिला. हत्ती त्यात उतरतो आणि मनसोक्त डुंबतो. ते पाहून ससा किंवा मांजर उतरले तर ते बुडेल किंवा तरंगत वाहून जाईल. ज्याच्या चित्ताला अद्याप आधार नाही, त्याचे अरण्यात तसेच होते. आणि अखेरीस उपालीला संघातच राहण्यास सांगितले. हा उपाली म्हणजे नाभिक कुळातून आलेला आणि पुढे विनयधरांत अग्र ठरलेला थेर होय, असे अट्ठकथाकार मानतात. अरण्यात राहिला असता तर त्याची ध्यानाची बाजू तेवढी वाढली असती, संघात राहून ध्यान आणि विद्या दोन्ही वाढल्या, असा त्यांचा अभिप्राय आहे. खालच्या मानल्या गेलेल्या कुळातील माणूस सर्वांपासून दूर जाऊ देण्यास सांगतो आणि त्याला माणसांतच थांबवून घेतले जाते, हे आपण वाचकांनी नीट लक्षात घ्यावे.

आता 'परिहार' या शब्दाकडे वळू. मराठीत आपण शंकेचा परिहार करतो, म्हणजे ती दूर करतो. पालीत 'परिहरति' याला टाळणे या अर्थाबरोबरच सांभाळणे, जपणे, सोबत वागवणे असेही अर्थ आहेत. 'गब्भपरिहार' म्हणजे गर्भाची जपणूक. या विकाराला परिहारी हे नाव योजताना मला हा दुसरा अर्थ मनात ठेवावासा वाटतो. हा मनुष्य नुसता टाळत नाही, तो काहीतरी जपत असतो. आत एक जखम आहे आणि तिला कोणाचा धक्का लागू नये म्हणून त्याने सारे आयुष्य तिच्याभोवती वळवून घेतलेले असते.

जखम कोठून येते? स्वभावाचा काही वाटा जन्मजात असतो. नव्या माणसाला वा वस्तूला पाहून काही अर्भके विशेष बिचकतात आणि त्यांच्यातील काहींचा हा कल मोठेपणीही टिकतो, हे हार्वर्डचे जेरोम केगन यांनी दीर्घकाळच्या निरीक्षणांतून दाखवले. त्यावर घरातील वा शाळेतील टिंगल, तुलना, झिडकारणे यांची भर पडली की बुजरे मूल हळूहळू अशी खूणगाठ बांधते की, दोष प्रसंगात नसून आपल्यात आहे. त्यापुढचे काम परिहार स्वतःच करतो. बोलावणे येते, छातीत धडधड होते, मनुष्य जात नाही आणि लगेच सुटल्यासारखे वाटते. ही सुटका हेच बक्षीस. पुढच्या वेळी न जाणे अधिक सोपे होते. गेलो असतो तर काय झाले असते हे कधीच कळत नाही, त्यामुळे भीती खोटी ठरण्याची संधी तिला मिळत नाही. मज्झिमनिकायातील मागंदियसुत्तात कुष्ठरोग्याचा दृष्टान्त आहे. तो आपले व्रण खाजवतो, निखाऱ्यांवर शेकतो. तेवढ्यापुरते बरे वाटते आणि व्रण अधिक चिघळतात. तेथे तो कामसुखासंबंधी आला आहे. परंतु क्षणिक आरामाने रोग कसा वाढतो हे दाखवण्यास त्याहून चांगला दृष्टान्त मला माहीत नाही. काही जण हा आराम दारूत शोधतात. चार माणसांत बसण्यापूर्वी दोन घोट घेतल्याशिवाय ज्याची जीभ उघडत नाही असा मनुष्य आपल्या ओळखीत नाही, असे छातीवर हात ठेवून कोणी सांगू नये.

'मी हीन आहे' ही भावना या विकाराच्या मुळाशी असते. अभिधम्माच्या दृष्टीने पाहिले तर ती 'माना'त मोडते, हे ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. मान म्हणजे गर्व असे आपण समजतो. परंतु मी श्रेष्ठ आहे, मी समान आहे, मी हीन आहे, या तिन्हींना तेथे मानच म्हटले आहे. विभंगात याचे नऊ प्रकार केले आहेत आणि त्यांत जो वस्तुतः श्रेष्ठ आहे तोही स्वतःला हीन मानतो, असा एक प्रकार आहे. मान म्हणजे मानणे. सतत स्वतःला कोणाच्या तरी शेजारी उभे करून मापत राहणे. याचा उपयोग रुग्णाला 'तुझ्यात अहंकार आहे' असे सुनावण्यासाठी कृपया कोणी करू नये. उपयोग आहे तो निराळा. आपण ज्याला नम्रता म्हणून वाखाणतो ते दुःख असू शकते, हे यातून कळते. तसेच हिरी, म्हणजे पापाची लाज, हिच्याशीही याची गल्लत होऊ नये. हिरी अकुशल कर्माची लाज बाळगते. परिहारी मनुष्याने काहीही वाईट केलेले नसते. त्याला स्वतःच्या असण्याचीच लाज वाटत असते.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न आलाच असेल, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या प्रत्यक्ष झिडकारले गेले, त्या समाजातील तरुण झिडकारले जाण्याला भितो, यात विकार कोणता? प्रश्न रास्त आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ साली जो अहवाल दिला, तो वाचला की अशा ठिकाणी गप्प राहणे हे शहाणपणच ठरते. भीतीला बाहेर खरे कारण असेल तर तिला विकार म्हणणे म्हणजे मारणाऱ्याला सोडून मार खाणाऱ्याला औषध देणे होय. अमेरिकन निदानग्रंथानेही संस्कृती व परिस्थिती पाहून निर्णय करावा अशी सूचना दिली आहे.

पण फरक करता येतो. आडनाव विचारले जाते त्या वर्गात तोंड न उघडणारी आणि वसतिगृहात मैत्रिणींबरोबर रात्री उशिरापर्यंत हसत-बोलत बसणारी मुलगी आजारी नाही. तिचा वर्ग आजारी आहे. माझा विद्यार्थी मात्र आपल्या वस्तीत, आपल्या विहारात, बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात, मावशीच्या घरीसुद्धा तसाच भिंतीला टेकून उभा राहत असे. जेथे कोणी त्याला हीन मानत नव्हते तेथेही तो स्वतःला हीन मानत होता. कधी कधी बाहेर झालेली जखम माणूस अशी घरी घेऊन येतो आणि मग ती बाहेरच्यांची उरत नाही. म्हणून 'हे सारे जातीमुळे' असे म्हणून उपचार नाकारणे आणि 'हा आजारच आहे' असे म्हणून जात नाकारणे, दोन्ही चुकीचे.

तिसरी चूक आपण स्वतः करतो. अशा मुलाला आपण सांगतो, "बाबासाहेब महाडला हजारोंच्या पुढे उभे राहिले आणि तुला चार माणसांत बोलता येत नाही?" बोलणाऱ्याला वाटते आपण प्रेरणा दिली. ऐकणाऱ्याला आपण कमी आहोत याचा आणखी एक पुरावा मिळतो, तोही ज्यांना तो सर्वाधिक मानतो त्यांच्या नावाने. जयंतीच्या व्यासपीठावर बळेच उभे करून भाषण करायला लावणे हाही त्यातलाच प्रकार. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलण्याची ही रीत कधी कधी साधते. न साधली तर तो पुन्हा काठावरही येत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ज्यांच्या धम्मदीक्षेचे वर्णन केले आहे त्यांत सुनीत आहे. थेरगाथेत तो स्वतःविषयी सांगतो की, आपण नीच कुळातले, कोमेजलेली फुले झाडून टाकणारे, लोकांनी घृणा केलेले आणि अनेकांपुढे मन नमवून वागणारे होतो. भगवंत भिक्खुसंघासह मगधाच्या नगरात येताना त्याने पाहिले. अट्ठकथेत पुढचा तपशील आहे : बाजूला सरायला जागा न मिळाल्याने त्याने कावड भिंतीशी ठेवली आणि जणू भिंतीत शिरू पाहत असावा तसा तो तिला चिकटून हात जोडून उभा राहिला. भिंतीत शिरू पाहणे! हे लिहिणाऱ्याने असा मनुष्य डोळ्यांनी पाहिला असला पाहिजे. गाथेनुसार भगवंत त्याच्यासाठी थांबले, त्याने प्रव्रज्या मागितली आणि तेथेच त्याची उपसंपदा झाली. सुनीताने भिंत सोडली. पण आधी कोणीतरी थांबले होते.

चूळपंथकाची कथा सर्वांस ठाऊक आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही म्हणून थोरल्या भावाने त्याला विहारातून जाण्यास सांगितले. आपण ही कथा मंदबुद्धीच्या माणसाची म्हणून सांगतो. थेरगाथेत तो विहाराच्या दाराशी खिन्न होऊन उभा आहे, आणि मन मात्र अजून धम्मातच आहे. जायचे नाही आणि आत यायचे धाडस नाही. परिहारी मनुष्याची जागा ही असते. भगवंत तेथे आले, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, दंड धरून आत नेले आणि करता येईल एवढेच काम दिले : एक स्वच्छ कापड. विनयपिटकात याच थेराविषयी आणखी एक नोंद आहे. भिक्खुनींना उपदेश करण्याची त्याची पाळी आली तेव्हा, आज काही चांगला उपदेश होणार नाही, हा तेच ते उदान पुन्हा म्हणेल, असे त्या आपसात बोलल्या. ते त्याच्या कानी गेले. पुढे चमत्काराचे वर्णन येते. ते बाजूस ठेवू. ज्याची भीती होती ते उघड घडले आणि तरी तो पाळी टाकून गेला नाही, एवढे माझ्या दृष्टीने पुरेसे आहे.

आजचा उपचारही बराचसा याच वाटेने जातो. या विकारावर खास असे औषध नाही. सोबत नैराश्य किंवा तीव्र चिंता असेल, आणि ती पुष्कळदा असते, तर डॉक्टर नैराश्यविरोधी औषधे देतात. मुख्य भर मानसोपचारावर. अ‍ॅरन बेक यांच्या बोधात्मक पद्धतीत रुग्णाकडून आधी लिहून घेतात की, अमुक ठिकाणी गेलो तर काय होईल असे वाटते. मग तो तेथे जातो आणि काय झाले ते त्याच्याच समोर लिहितो. पायऱ्या लहान ठेवतात : आज दुकानदाराला भाव विचारणे, पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या घरी पाच मिनिटे बसणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका तौलनिक अभ्यासात ही पद्धत अल्पकालीन मनोगतिक उपचारापेक्षा अधिक गुणकारी ठरली. जेफ्री यंग यांची स्कीमा पद्धत बालपणीच्या जखमेपर्यंत जाते. गटात बसून केलेल्या उपचाराचाही उपयोग होतो. अडचण अशी की, रुग्ण डॉक्टरांनाही घाबरतो. त्यांच्या चेहऱ्यावर किंचित कंटाळा दिसला तरी पुढच्या वेळी येत नाही. घरच्यांनी पहिल्या दोन-तीन भेटींना सोबत जाणे म्हणूनच महत्त्वाचे. अंगुत्तरात शैक्ष भिक्खूला विशारद करणारे पाच धर्म सांगितले आहेत; श्रद्धा, शील, बहुश्रुतता, वीर्य आणि प्रज्ञा. तेथे शब्द 'वेसारज्जकरण' असा आहे. वैशारद्य हे करावे लागते, घडवावे लागते. ते असते किंवा नसते अशी गोष्ट नाही.

ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो. ज्याला समोरासमोर बोलण्याचीच भीती आहे त्याच्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा सोयीची आहे. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

माझ्या विद्यार्थ्याचे निदान शिबिरानंतर दीड वर्षाने झाले. पहिल्या वेळी त्याची आई आणि मी बरोबर गेलो होतो. तो डॉक्टरांशी एक शब्दही बोलला नाही, वहीत लिहून आणलेली दोन पाने त्यांच्यापुढे सरकवली. उपचार अद्याप चालू आहेत. दर रविवारी तो ग्रंथालयात येतो. आरंभी सुत्ताचे एक पान तो मला एकट्याला वाचून दाखवी. मग ग्रंथपाल बसू लागले. गेल्या वर्षावासात पाच श्रोते होते. मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, "बाळा, ऐकू येत नाही, जरा मोठ्याने वाच." तो थांबला. मला वाटले, आता उठून जाणार. त्याने पान उलटून मागचे वाक्य पुन्हा वाचले, पहिल्याइतक्याच हळू आवाजात. आजी खुर्ची उचलून पुढे येऊन बसल्या.